रिकाम्या जागेवरचा भार

दिग्रसला कापसाचा हंगाम लागला की ते गावात शिरायच्या आधीच कळतं. रस्त्याकडेच्या बाभळींना रुईचे पुंजके लोंबत असतात, कापसाने फुगलेले ट्रक वजनकाट्यासमोर रांगेने उभे असतात आणि हवेत सरकीचा तेलकट, किंचित गोडसर वास भरून राहिलेला असतो. जानेवारीतल्या अशाच एका कोरड्या सकाळी प्रियंका भगत यवतमाळहून गाडी घेऊन देवीलालच्या जिनिंगवर पोचली.

प्रियंका मूळची मारेगावची, शिक्षणाने इलेक्ट्रिकल इंजिनिअर. कारखान्यांमध्ये शॉक का बसतो, ठिणगी कुठे पडते, आग कशाने लागेल हे शोधणं तिचं काम. आजवर कारण सापडलं नाही असं एकदाही झालं नव्हतं. विजेला स्वभाव असतो, लहर नसते, असं ती म्हणायची, आणि त्या स्वभावावर तिचा सख्ख्या माणसावर असावा तसा भरवसा होता.

"मॅडम, मशीनचा काही प्रॉब्लेम नाही," देवीलालने तिला बसायच्या आधीच सांगितलं. "बाईचा प्रॉब्लेम आहे."

त्याच्या केबिनला मोठी काच होती आणि काचेपलीकडे रुईचा हॉल दिसायचा. मशीनमध्ये सरकी वेगळी झाली की रुई नळीतून हवेच्या जोराने येऊन त्या हॉलमध्ये पडायची. ओळीने बसलेल्या बाया तिच्यातला काडीकचरा वेचायच्या. पूर्वेच्या भिंतीशी, ओळीच्या टोकाला, कोकिळा जाधव बसायची. दिवाळीपासून रुई तिच्या अंगाला चिकटायला लागली होती. तिला हात लावला की शॉक बसायचा. मागच्या आठवड्यात लोखंडी खांबाजवळ तिच्या बोटातून ठिणगी उडाली आणि रुईच्या ढिगाने पेट घेतला. वाळू आणि पाणी मारून आग विझवली, पण कोकिळाचं मनगट भाजलं.

"मी नव्हतो काढत तिले," देवीलाल म्हणाला. "पण बाकीच्या बाया म्हणते, ती राहीन तर आमी येत नाई."

"तिला काढून आग थांबणार असेल तर काढा," प्रियंका म्हणाली. "पण उद्या दुसरीच्या बोटातून ठिणगी निघाली, तर मग कोणाला काढाल?"

कोकिळा हॉलच्या दाराबाहेर उभी होती. चाळिशीची, सडपातळ, मनगटाला फडकं बांधलेलं. आत जायला तिला मनाई होती आणि घरी जायची तिची तयारी नव्हती.

"तांड्यात मले डाकण म्हणून राह्यले, ताई," ती सरळ प्रियंकाच्या डोळ्यांत बघत म्हणाली. "माह्या सख्ख्या बहिणीनं लेकरू माह्याजवळ देनं बंद केलं. इथून काढलं ना, तर मंग ते खरंच होऊन जाईन."

"तू डाकण नाहीस," प्रियंका म्हणाली. "आणि हे मी तुझं मन राखायला म्हणत नाही. सगळ्यांसमोर दाखवते."

तिने पिशवीतून हातात मावणारं मीटर काढलं. कशावरही विजेचा भार साचला असला की ते लांबूनच ओळखायचं आणि जितका भार जास्त तितका आकडा वर जायचा. कोकिळाजवळ नेताच आकडा झरझर चढला. बाया मागे सरकल्या. प्रियंका मात्र हसली. तिने कोपऱ्यात पडलेला प्लास्टिकच्या नळीचा तुकडा उचलला, मूठभर रुईवर खसाखसा घासला आणि दुसऱ्या पुंजक्यावर धरला. पुंजका टुणकन उडून नळीला चिकटला.

"ही नळी पण डाकण झाली का?"

एकदोघी हसल्या.

मग तिने समजावून सांगितलं. दोन वस्तू एकमेकींवर घासल्या की एकीचा थोडा भार दुसरीवर जातो. लोखंडातून, ओल्या जमिनीतून, अनवाणी पायातून तो मातीत उतरून जातो. प्लास्टिकवर, नायलॉनवर मात्र अडकून बसतो, जवळच्या माणसाचे केस उभे करतो आणि वाट सापडली की ठिणगी होऊन उडी मारतो. हिवाळ्यात हवा कोरडी, म्हणून जास्त. कोकिळाचं लुगडं नायलॉनचं होतं, पायात प्लास्टिकची चप्पल. आणि दिवाळीच्या सुमारास फिटर रामधनने रुईच्या नळीचा फुटलेला पत्र्याचा बाक, म्हणजे वळणाचा तुकडा, काढून तिथे प्लास्टिकचा बसवला होता. तो नेमका कोकिळाच्या डोक्यावर होता.

"पत्र्याचा भेटला नाई त्या वख्ती," रामधन पुटपुटला.

"आता मिळेल," प्रियंका म्हणाली.

कामात दोन-तीन दिवस गेले. बाक बदलला. नळीला, खांबांना, जाळीला तांब्याची तार जोडून ती बाहेर जमिनीत पुरली. फरशीवर ओली तरटं अंथरली. बायांना चपला दाराशी काढायला लावल्या. कोकिळा सुती लुगडं नेसून आली आणि मशीन चालू असताना आपल्या जागेवर बसली. प्रियंकाने मीटर तिच्या डोक्यापासून पायापर्यंत फिरवलं. शून्य. कोकिळाने खांबाला हात लावला. काही नाही. मग शेजारी बसणारी राखी उठली, जरा घुटमळली आणि तिने कोकिळाच्या गालाला हात लावला. तो तिथेच ठेवला.

"थंडगार हाय व," राखी म्हणाली, आणि कोकिळाच्या डोळ्यांतून एकदम पाणी आलं.

तिथेच ते संपायला हवं होतं.

जेवणाच्या सुट्टीत मशीन बंद झालं. बाया डबे घेऊन बाहेर उन्हात बसल्या. प्रियंका हॉलमध्ये शेवटचा फेरा मारत होती. रामधन तारेचे जोड घट्ट करत होता आणि कोकिळा दाराजवळची रुई झाडूने सारखी करत होती. छतातल्या फायबरच्या पत्र्यातून पिवळसर उजेड खाली येत होता आणि त्यात धूळ तरंगत होती. मीटर चालूच होतं. पूर्वेच्या भिंतीजवळून जाताना आकडा चढला.

प्रियंका थांबली. कोकिळा दूर होती. वरचा बाक पत्र्याचा, तार जोडलेली. भिंत विटांची, चुना मारलेली. तिने मीटर भिंतीकडे धरलं, आकडा उतरला. छताकडे धरलं, उतरला. मधल्या मोकळ्या जागेकडे धरलं तसा तो पुन्हा चढला, कोकिळाच्या अंगावर कधी दाखवला नव्हता इतका.

तिने मीटर बंद करून चालू केलं. तोच आकडा. धुळीवर भार असू शकतो म्हणून मोठा पंखा लावला, धूळ उडून जाऊ दिली, पंखा बंद केला. आकडा हलला नाही.

"काय झालं, मॅडम?" रामधनने विचारलं.

"काही नाही. थांबा जरा."

भार हवेत नुसता उभा राहत नाही. तो कशावर तरी असतो. हे तिला शाळेपासून माहीत होतं आणि आजही ते तितकंच खरं होतं. ती त्या जागेभोवती गोल फिरली. उत्तरेकडून, दक्षिणेकडून, भिंतीच्या बाजूने, जिथून धरावं तिथून मीटर त्याच एका ठिकाणाकडे बोट दाखवत होतं. मग तिने ते खालून वर नेलं. फरशीपासून आकडा सुरू होत होता आणि तिच्या डोक्याच्या जरा खाली संपत होता.

तिने मूठभर रुई पिंजून मोकळी केली आणि त्या दिशेला हलकेच फुंकली.

रुई खाली पडली नाही.

काही तंतू पुढे ओढले जाऊन हवेत टेकले, जसे कापडावर टेकतात. प्रियंकाने आणखी फुंकली. मग आणखी. पांढरे तंतू एकमेकांशेजारी बसत गेले. आधी एक उतरती रेषा, मग तिच्यासारखीच दुसऱ्या बाजूला. खांदे. वर एक गोळा. खाली दोन्ही बाजूंना सरळ लोंबणारं काहीतरी.

"याडी..." कोकिळाच्या तोंडून आईचं नाव निघालं. झाडू तिच्या हातातच राहिला. "भिंतीकडं तोंड करून उभी हाय."

रामधनने पक्कड खाली ठेवली आणि दार ओढून घेत बाहेर निघून गेला.

"ताई, मी रोज इथंच बसत होती," कोकिळा कुजबुजली. "हिच्या पायाशी."

"तू मागे हो."

"काय हाय हे?"

काय आहे ते प्रियंकाला माहीत नव्हतं. पण त्याच्यावर भार आहे हे माहीत होतं, आणि भार कसा उतरवायचा हेही माहीत होतं. रुईच्या हॉलमध्ये भारलेली वस्तू राहू द्यायची नाही. ती कोणतीही असो.

तिने पिशवीतून डिस्चार्जचा दांडा काढला. लांब मूठ, टोकाला पितळी हूक, हुकाला तांब्याची तार. तारेचं दुसरं टोक तिने खांबाला घट्ट बांधलं. आसपासची रुई झाडून दूर केली, फरशीवर बादलीभर पाणी ओतलं. हातमोजे घातले.

"ताई, नको ना."

"कोकिळा, हे असंच ठेवलं तर उद्या सगळा हॉल पेटेल. आणि नाव तुझं येईल."

कोकिळा दोन पावलं मागे सरकली.

प्रियंकाने दांडा पुढे केला. पितळी टोक खांद्याच्या उंचीवर नेलं. अगदी जवळ.

एक बारीक निळसर रेघ चमकली. आवाज एवढासाच झाला. कोणीतरी जिभेने 'च्च' करावं तसा.

रुई खाली पडली.

पण पडायच्या आधी, वरचा तो पांढरा गोळा वळला.

पंखा बंद होता. दार बंद होतं. तो भिंतीकडून त्यांच्याकडे वळला, आणि मग तंतू सुटे होऊन पाण्यात पडले.

कोकिळाने विचारलं, "गेली?"

प्रियंकाने मीटर पुढे धरलं. त्या जागेवर, भिंतीवर, फरशीवर, सगळीकडे फिरवलं.

"शून्य आहे," ती म्हणाली. तेवढंच तिला खात्रीने सांगता येत होतं.

कोकिळाने वाकून ती भिजलेली रुई गोळा केली, बाहेर नेऊन मातीत पुरली आणि हात धुऊन आली. "मी बसतो माह्या जाग्यावर," ती म्हणाली. आवाज स्थिर होता. "मी नाई बसली, तर लोकं पुन्हा बोलतीन."

सुट्टी संपली. मशीन सुरू झालं, वरून रुई पडायला लागली, आणि ती आता सगळीकडे सारखी पडत होती. रामधन परत आला. प्रियंकाकडे न बघता तो आपली पक्कड उचलून मशीनच्या मागे गेला. देवीलालने केबिनमध्ये चहा मागवला.

"सांगा मॅडम. मंग काय निघालं?"

"दोष तुमच्या प्लास्टिकच्या बाकाचा होता," प्रियंका म्हणाली. "कोकिळाबाईत काही नव्हतं. हे तुम्ही आज सगळ्या बायांसमोर स्वतःच्या तोंडाने सांगा. तिच्या तांड्यातल्या बायाही असतील, त्यांनाही ऐकू द्या."

"सांगतो ना. पहिल्यांदा तेच काम." देवीलाल खरोखरच मोकळा झाल्यासारखा दिसत होता. "मी सांगून राह्यलो होतो सगळ्याइले, का यात काही भानगड नाई. सायन्स आहे."

प्रियंकाने चहाचा घोट घेतला. चहा चांगला होता, आलं घातलेला. बरं वाटत होतं. एका बाईचं काम टिकलं होतं, नाव धुऊन निघालं होतं, हॉल सुरक्षित होता. काचेपलीकडे बायांची ओळ भिंतीपासून थेट केबिनच्या दारापर्यंत बसली होती. कोकिळा काहीतरी सांगत होती आणि राखी तोंडाला पदर लावून हसत होती.

बोलता बोलता कोकिळाने हात मागे नेला आणि मानेवरचे उभे राहिलेले केस दाबून बसवले.

जरा वेळाने राखीने आपल्या मानेवरचे बसवले. तिचं हसू थांबलं नव्हतं.

मग तिच्या शेजारणीने. मग तिच्या पलीकडच्या बाईने. कोणी कोणाकडे बघत नव्हतं, कोणाच्या बोलण्यात खंड पडत नव्हता. माशी उडवावी तसा एकेक हात वर जात होता आणि खाली येत होता, भिंतीकडून केबिनच्या दाराकडे, चालत्या माणसाच्या गतीने. दाराशी बसलेल्या शेवटच्या बाईने मान चोळली आणि पुन्हा कचरा वेचायला लागली.

प्रियंकाने कप खाली ठेवला.

"पुढच्या हंगामाआधी एकदा चक्कर मारा मॅडम," देवीलाल तिच्याकडे बघत, हसत म्हणाला, आणि त्याचा हात सावकाश स्वतःच्या मानेकडे गेला.