भुरीबाईचा कंदील

हसायचं तर आधीच हसून घ्या. आसेगावचे देवमन मास्तर आणि त्यांची लिलाबाई, पन्नाशी उलटली तरी रोज दिवेलागणीला कवड्या घेऊन खेळत बसायचे. पण त्यांचा खेळच निराळा. पटावरची सोंगटी म्हणजे भुरीबाई सुईण. मास्तर गोष्ट सांगायचे, वाटेत नाला आडवा घालायचे, लांडगे सोडायचे आणि विचारायचे, "मंग? भुरीबाई काय करते?" ते लिलाबाई ठरवायची आणि कवड्या टाकायची. पडलं ते पडलं, डाव मागं घेणं नाही. त्यातूनच मास्तर कथा लिहायचे. मासिकात छापूनही यायच्या.

चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात लिलाबाई तापानं गेली. डाव अर्धाच राहिला. भुरीबाई कंदील घेऊन रानात, आणि पलीकडच्या गावात एक बाई अडलेली. "आपल्या घरात पाळणा नाही हालला," लिलाबाई म्हणाली होती, "तिचं तरी लेकरू सुखरूप होऊ द्या." मास्तरांचा जीव तिथंच अडकला. शेवट लिहायला बसावं, तर अक्षर उमटेना. भुरीबाईच्या मनातलं त्यांना काय ठाऊक? पट त्यांनी वर्षभर तसाच मांडून ठेवला.

एका संध्याकाळी न राहवून त्यांनी लिलाबाईच्या कवड्या टाकल्या. साऱ्या पालथ्या. त्यांच्या खेळात याचा अर्थ एकच होता, भुरीबाईचा डाव फसला.

पुन्हा टाकाव्या म्हणून हात पुढं गेला, पण मागं आला. लिला रागावली असती.

"भुरीबाईचा कंदील... इझला," ते पुटपुटले.

तसा कोनाड्यातला दिवाही गेला. वारा तर नव्हताच. बंद घरात ओल्या रानाचा वास भरला. मास्तरांच्या अंगावर सर्रकन काटा आला, तरी सवयीनं तोंडून निघालंच.

"मंग...? भुरीबाई काय करते?"

"चालते."

अगदी कानाशी, लिलाबाईच्याच आवाजात. मग अनवाणी पावलं त्यांच्या बाजूनं सावकाश आतल्या खोलीत गेली आणि दार लोटलं गेलं.

बराच वेळ काहीच नाही... आणि एकदम तान्हं लेकरू रडलं.

मास्तर भिंत चाचपत उठले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. दाराखालून कंदिलाचा पिवळा उजेड येत होता. रडणं हळूहळू थांबलं. कडीवर हात ठेवून त्यांनी विचारलं, "मंग... आता भुरीबाई काय करते?"

आतून दबक्या आवाजात उत्तर आलं, "चूप राहा ना जी. आत्ताच निजलं."