बुडालेल्या जहाजाचं नाणं

शहापूरचे मधुकरराव हटवार भंडाऱ्यात प्रतिक्षा रामटेकेच्या कार्यालयात आले. प्रतिक्षा खासगी तपासाची कामं करायची. मावसभाऊ अश्वजित तिच्या मदतीला असायचा.

"नाणं गेलं, बाई," खुर्चीत बसत ते म्हणाले.

नाणं स्पेनचं, चांदीचं, समुद्रात बुडालेल्या जुन्या जहाजातून काढलेलं. मधुकरराव निवृत्त झाले तेव्हा त्यांचे जिवलग मित्र, पितळी भांड्यांचे व्यापारी यादोराव यांनी ते भेट दिलं होतं. येत्या शनिवारी ते भंडाऱ्याच्या नाण्यांच्या प्रदर्शनात मांडायचं होतं. पुण्याहून जाणकार येणार होते. रविवारी सकाळी ते घरच्या कुलूपबंद पेटीत होतं, संध्याकाळी नव्हतं. चांदीचे जुने रुपये मात्र जागेवर होते, आणि नाण्याचं प्रमाणपत्रही.

त्यांनी मोबाइलवर फोटो दाखवला. काळपट, वेडंवाकडं नाणं. डाव्या कडेला खाच, मधल्या क्रूसावरून गेलेली बारीक भेग.

"हातोड्यानं ठोकून बनवत होते. एकासारखं दुसरं भेटत नाही," ते हळवेपणानं म्हणाले.

रविवारी घरी दोघंच आले होते. पुतण्या भुपेंद्रने पेटीची किल्ली कुठे असते ते माहीत असल्याचं सरळ कबूल केलं. काकांनी आपल्याशी बोलणं टाकलंय, याचंच त्याला जास्त दुःख होतं. मधुकररावांच्या पत्नी उषाबाईंनी सांगितलं की यादोराव नेहमीसारखे गप्पांना आले, पण चहा अर्धाच ठेवून उठले. असं याआधी कधी झालं नव्हतं.

यादोरावांच्या दुकानात प्रतिक्षाने फोटो पुढे केला. चष्म्यासाठी त्यांनी गल्ला उघडला, आणि अश्वजितला आत नाणं दिसलं. तीच खाच, तीच भेग.

"हे मी नागपूरहून आणलं," यादोराव खाली पाहत म्हणाले. प्रतिक्षाने तिथूनच नागपूरच्या दुकानदाराला फोन लावला. नाणं शुक्रवारी यादोरावांना विकल्याचं त्याने सांगितलं.

"म्हणजे हे सुटले," बाहेर येऊन अश्वजित म्हणाला. "चोरी तर रविवारची आहे."

प्रतिक्षाने मोबाइलवरचा फोटो पुन्हा मोठा करून पाहिला. संध्याकाळी तिने सगळ्यांना मधुकररावांच्या घरी बोलावलं.

"विकायला नेणारा प्रमाणपत्र सोडत नाही, रुपयेही सोडत नाही," ती म्हणाली. "हे नाणं फक्त जाणकाराच्या नजरेला पडू द्यायचं नव्हतं. का? हातानं ठोकलेली दोन नाणी सारखी नसतात. शुक्रवारी एक नागपुरात होतं, दुसरं या पेटीत, आणि दोघांवर खाच तीच, भेग तीच. दोन्ही एकाच साच्यातली आहेत. खोटी. हे ज्याला शुक्रवारी कळलं, त्याच्या घशाखाली रविवारी चहा उतरला नाही."

यादोरावांनी खिशातून पेटीतलं नाणं काढून टेबलावर ठेवलं.

"मीच फसलो होतो, मधुकर. किल्लीची जागा मलेही ठाऊक होती. माह्या भेटीपायी चारचौघांत तुझी फजिती झाली असती."

"मले काहून नाही सांगितलं?" मधुकररावांनी विचारलं. "भुपेंद्रच्या तोंडाकडे पाहणं सोडलं होतं मी."

मग त्यांनी पुतण्याला जवळ बसवून घेतलं आणि उषाबाईंना चहा टाकायला सांगितलं, सगळ्यांसाठी.

शनिवारी प्रदर्शनात दोघे मित्र एकाच टेबलामागे बसले. समोर दोन्ही नाणी, आणि मधुकररावांच्या अक्षरात पाटी: ‘दोन्ही खोटी. कशी ओळखाल?’ तिथली गर्दी हटत नव्हती. पुण्याच्या जाणकारांनी शिकवायला म्हणून जोडी विकत मागितली.

मधुकररावांनी एक नाणं त्यांच्याकडे सरकवलं.

"हे न्या, जी. दुसरं नाही देता येत. ते मले भेट आलेलं आहे."