पिवळ्या रंगाखाली

"खरवडायचा नाही! त्या गाडीचा रंग कुणीही खरवडायचा नाही, सांगून ठेवते!"

स्तोयना एवढ्या मोठ्यानं ओरडली, की पत्र्यावर भाजायला टाकलेल्या तांबड्या मिरच्या परतायचं तिला भान राहिलं नाही आणि करपल्याचा वास अंगणभर पसरला. कामेन अवाक् होऊन आत्याकडे पाहत राहिला. सव्वीस वर्षांचा झाला होता तो, पण तिला आवाज चढवताना त्यानं कधी ऐकलं नव्हतं. बोलणी खायची आणि मान खाली घालून राबायचं, हीच तिची रीत!

गाडी तपासायला आलेल्या पेन्यू मिस्त्रीनं गंजानं पोखरलेल्या दाराखाली बोट घातलं. ते पत्र्यातून आरपार गेलं. "मी आपलं दोन्ही बाजूंनी सांगतो. रंग द्यायचा तर सगळे थर घासून पत्रा उघडा करायचा, कुजलेलं कापून नवे तुकडे जोडायचे, अस्तर मारायचं, मग रंग. दीड महिना धरा. नाहीतर वरून प्लास्टिकची फिल्म चिकटवायची. तिच्यावर पोळं, माश्या, हवं ते छापून मिळतं. आठवड्यात काम!"

"मला रंगच हवा," कामेन म्हणाला. "बाबांचा निळा."

"फिल्म लाव," स्तोयना पुटपुटली. "मधाची जत्रा दहा दिवसांवर आलीय ना..."

"जेवणाच्या टेबलावर प्लास्टिक अंथरलं तर आठ दिवस तोंड फुगवता, आणि गाडीला प्लास्टिक गुंडाळायला सांगता?" कामेन कडवट हसला. "आणि बाबांच्या गाडीचं काय करायचं, हे तुम्ही सांगायचं? तुम्ही?"

पुढचं तो बोलला नाही. पुढचं तो कधीच बोलत नसे... पण दर मे महिन्यात वडिलांच्या स्मृतीचा कागद छापून तो फाटकावर आणि गावातल्या खांबांवर चिकटवी, आणि त्यावर 'शोकाकुल' म्हणून दोनच नावं असत: मुलगा आणि आई. सख्ख्या बहिणीला त्यात जागा नव्हती!

कारण आपल्या भावाला, देल्चोला, तिनं मारलं होतं, असं सारं गाव मानत होतं. लिंडनच्या झाडांना मोहर यायच्या आधी, मधाच्या पेट्या रानात न्यायला गाडी सजवावी म्हणून देल्चो ब्रशानं निळा रंग देत होता. चढावावर उभी केलेली गाडी, मागे दगडी भिंत, गाडी आणि भिंतीच्या मध्ये वाकलेला तो... स्तोयनानं आत बसून चुकून ब्रेक सोडला आणि गाडी मागे घरंगळली, अशी ती हकिगत. आणि भावाचा चाळिसावा दिवस व्हायच्या आत या बाईनं सगळी गाडी पेट्यांच्या पिवळ्या रंगानं रंगवून काढली! भावाला गिळून वर रंग लावत बसलीय, असं बायका तिच्या तोंडावर बोलल्या. तिच्या जन्मदात्या आईनं, नेदा आजीनं, तेव्हापासून तिला एकदाही नावानं हाक मारली नाही.

पण स्तोयना त्या वेळी गाडीत नव्हतीच! ती विहिरीवर होती. धाडकन आवाज झाला म्हणून धावत आली, तेव्हा चालकाच्या जागेवर चार वर्षांचा कामेन बसला होता, दोन्ही हातांनी ब्रेकचा दांडा धरून, हसत... त्याला वाटत होतं, गाडी आपण चालवली. वर्षाचा असताना आई गेलेलं ते पोर! त्या एका क्षणात तिच्या अंतःकरणानं निर्णय घेतला: ब्रेक आपण सोडला, असंच सांगायचं. पोलीस यायच्या आत तिनं दारावरचा त्याच्या पंज्याचा ओला ठसा पेट्यांच्या रंगाचा डबा उघडून झाकला. तेवढाच पिवळा डाग डोळ्यांत खुपेल म्हणून आठवड्याभरात सगळी गाडी पिवळी केली.

तेव्हापासून देल्चो तिथं उभा असे. भरदुपारी, भिंतीपाशी, हातात ब्रश घेऊन... वाळत घातलेल्या चादरीमागून ती पाही, तो असे. ती मिरच्या सोलत बसली तरी त्याची नजर तिच्या पाठीला जाणवे, आणि मागे वळून बघायची तिची छाती होत नसे.

अखेर जत्रा जवळ आली म्हणून कामेननं फिल्मला होकार दिला. स्तोयनाला वाटलं, सुटले! वरून चादर पांघरली की खालचं कोण बघतंय? पुढचे तीन दिवस तिला शांत झोप लागली.

चौथ्या दिवशी दुपारी कामेन परत आला, तो गाडीचं दारच खांद्यावर घेऊन. ते त्यानं अंगणातल्या टेबलाला टेकवलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"पेन्यू म्हणतो, फिल्म म्हणजे चादर नव्हे. गंजावर ती धरत नाही, आणि खालचा कणन् कण वर उमटतो. फिल्म लावायची तरी आधी घासावंच लागतं." "घासलं... आणि हे निघालं."

पिवळ्या रंगात निळा पंजा! पाच इवलीशी बोटं, आणि कडीकडे वर ओढत गेलेल्या चार रेघा.

"कुणाचा हात आहे हा?"

"शेजारच्या पोरांचा असेल... कुणास ठाऊक..."

"शेजारी तेव्हा पोरं होती?"

"कामेन, ब्रेक मी सोडला. माझ्याच हातून—"

"मग याच हातावर पिवळ्याचे तीन थर का? बाकी दारावर एकच आहे! आत्या, माझ्या डोळ्यांत बघून बोल ना!"

बघणं तिला जमलं नाही. इतक्या वर्षांत शेकडो वेळा घोकलेलं खोटं तिच्या ओठांशी आलं आणि तिथंच विरघळलं.

"तू चार वर्षांचा होतास रे..." ती हुंदक्यांतून म्हणाली. "तुला काय कळत होतं! देल्चोनं जाताना एवढंच म्हटलं, पोराला घरात ने, त्याला बघू देऊ नकोस. मी नेलं तुला घरात. बस, एवढंच केलं मी!"

कामेन मटकन खाली बसला. आपण या बाईला काय काय बोललो, काय काय बोललो नाही, ते सगळं त्याच्या चेहऱ्यावरून सरकत गेलं. मग तो ताडकन उठला. "आजीला सांगतो. आत्ताच सांगतो!"

"नको!" तिनं त्याचा हात घट्ट धरला. "तुझ्याकडे बघून जगतेय रे ती! माझं काय, मला सवय झालीय. तिच्याजवळ तूच एक उरलायस, तो तिच्याकडून हिरावू नकोस..."

"मला काय सांगतोस?" घराच्या दारातून आवाज आला. काठीवर भार टाकून नेदा आजी उभी होती. "मला ठाऊक आहे."

ती पायरी उतरून अंगणात आली.

"त्या संध्याकाळी पोराला अंघोळ कुणी घातली? मीच ना! उजवा तळवा निळाभोर झाला होता. साबणानं निघेना, म्हणून रॉकेल चोळलं. कातडी लाल झाली, पोर किंचाळलं, पण नखातला रंगसुद्धा ठेवला नाही मी."

स्तोयनानं टेबलाला टेकलेल्या दाराकडे पाहिलं. दार झाकलं होतं तिनं... त्या हाताचं तिला सुचलंच नव्हतं!

"आणि मला बोलली नाहीस?" तिच्या तोंडून किंकाळी फुटली. "बावीस वर्षं, आई! बायका तोंडावर थुंकत होत्या, तू पाठ फिरवत होतीस... आणि तुला माहीत होतं?"

"तुला एकदा जरी कुशीत घेतलं असतं, तर मी रडले असते. रडले असते, तर बोलून गेले असते," म्हातारी म्हणाली. "आणि हा इथंच खेळत होता गं, अंगणात."

स्तोयनाला संताप आला. आयुष्यात पहिल्यांदा, आपल्या आईचा असा संताप आला, की ते दार उचलून भिंतीवर आपटावं! पण म्हातारीची काठी थरथरत होती, तिच्यानं आता उभं राहवत नव्हतं, आणि धरायला दुसरं कुणी नव्हतं. कामेन तोंड झाकून लहान मुलासारखा रडत होता.

ती पुढं झाली. तिनं आईला धरलं, पायरीवर बसवलं आणि स्वतःही तिच्याजवळ बसली.

"स्तोयना," आजी म्हणाली, "दमलीस गं तू."

एकसष्ट वर्षांच्या स्तोयनानं आईच्या मांडीवर डोकं टेकलं. "हो," ती म्हणाली. "खूप दमले, आई."