घरटी एक माणूस

आमच्या गावाहून डोलवीला जायचे दोन रस्ते. एक हायवेचा, चार किलोमीटरचा आणि जिवावरचा. दुसरा बाहेरकाठ्याचा, साडेसात किलोमीटरचा आणि झकास. बाहेरकाठा म्हणजे खाडीचं खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून घातलेला मातीचा उंच बांध. वर मुरूम आणि बारीक खडी टाकलेली, जेमतेम एक सायकल जाईल एवढी वाट. एका अंगाला तिवरं आणि चिखलात उड्या मारणाऱ्या निवट्या, दुसऱ्या अंगाला भाताची खाचरं. ना हॉर्न, ना धूर. असा रस्ता अख्ख्या पेण तालुक्यात नाही, हे मी आजही कुणालाही सांगेन.

पण ही वाट मी काही हौसेनं धरली नव्हती. शकूनं शपथ घातली म्हणून धरली.

१९९३ साली माझा थोरला भाऊ काळुराम सकाळच्या शिफ्टला सायकलवरून हायवेनं निघाला आणि त्याला ट्रकनं उडवलं. डोलवीला एका ठेकेदाराच्या वजनकाट्यावर ट्रक तोलायचं काम तो करायचा. महिन्याभरानं रोह्याच्या शकूशी त्याचं लग्न व्हायचं होतं. पत्रिका छापून आल्या होत्या. वर्ष सरल्यावर दोन्हीकडच्या मोठ्या माणसांनी बसून ठरवलं आणि शकू माझी बायको झाली. काट्यावरची नोकरीही मलाच मिळाली. लोक म्हणाले, पुंडलिकानं घर सावरलं. मला मात्र दुसऱ्यासाठी वाढलेल्या ताटावर बसल्यासारखं वाटायचं. खोटं कशाला बोलू?

“तुमी हायवेवर दिसलात ना, तर मी रोह्याला जाईन ती परत येनार नाय,” लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी शकूनं बजावलं. ती हे हसत म्हणाली नव्हती.

दोन वर्षं मी बाहेरकाठ्यानं सुखात आलो-गेलो. शहाण्णव सालच्या श्रावणात, अमावास्येच्या उधाणाला भर दुपारी बांधाला खांड पडली. उघाडीजवळ, म्हणजे ओहोटीला शेतातलं पाणी बाहेर सोडायची जी दारं असतात त्यांच्याजवळ, दहा-बारा हात बांध फुटला आणि समुद्र आत आला. अशा वेळी आमच्याकडे घरटी एक माणूस बांधावर जातो. कमी नाही, जास्त नाही. प्रत्येक घराची उभं राहायची जागा ठरलेली असते. चिखलाची ढेकळं हातोहात पुढे जातात आणि खांड बुजते.

काम संपलं तरी कुणी आपल्या मनानं खाली उतरत नाही. घरचं कुणीतरी बांधाखाली येऊन नाव घेऊन हाक मारतं, तेव्हाच उतरायचं. हाकेला ओ आली नाही तर माणूस चिखलात गेला असं समजून शोधायचं. मला ही पद्धत पटते. देवाधर्माचं त्यात काही नाही, साधी हजेरी आहे.

त्या दिवशी मी काट्यावर होतो. शकूला सातवा महिना, ती तपासणीसाठी माहेरी गेलेली. आमच्या घरचं कुणीच गेलं नाही. दुसऱ्या दिवशी मी शरमेनं कान्हूबाबाकडे गेलो. बांधाची कामं तोच बघतो.

“बाबा, चुकलो. माणूस पाठवायला पायजे होता.”

“चुकला कसला? तुझ्या घरचा आला व्हता की.”

“कोण?”

“सगल्यांची तोंडां चिखलानं भरल्याली. मी समजलो तूच हाय. तुमच्या जाग्याव उभा व्हता. बोलला नाय काय, पन काम चांगला केला.”

“मग उतरला कधी?”

म्हाताऱ्यानं बिडी खाली केली. “हाक कोनी मारली त्याला?” त्यानं मलाच विचारलं. “आमी घरी निघालो तवा तो थयंच व्हता.”

मोजणीत गफलत झाली असणार, असं म्हणून मी विषय सोडून दिला. मी काट्यावरचा माणूस. कुणी ‘असेल चार टन’ म्हटलं की मला हसू येतं.

त्याच आठवड्यात सायकल जड लागायला लागली.

येता-जाता नाही, फक्त सकाळी जाताना. तेही उघाडी ओलांडल्यावर. आधी मागचं चाक किंचित दबायचं, मग कॅरिअर करकरायचं, आणि तिथून पुढे पायडल मारताना मांड्या भरून यायच्या. मी हवा बघितली. बेअरिंग बदलून ग्रीस भरलं. काही फरक नाही. एकदा थांबून मागं वळून पाहिलं. कॅरिअरला माझा डबा अडकवलेला होता, बाकी काही नाही. पाऊस पडून गेला की ओल्या मुरमावर माझ्या चाकाची खूण दिसायची. उघाडीपर्यंत ती वरवरची असायची, उघाडीपुढे बोटभर खोल. संध्याकाळी त्याच वाटेनं येताना सायकल पिसासारखी हलकी.

काट्याची केबिन पलीकडच्या बाजूला. तिथं जायला मी रोज सायकलवरूनच काट्याच्या पाट्यावरून जातो. केबिनमध्ये माझा जोडीदार उबेद असतो. एका सकाळी त्यानं काचेवर टकटक केली.

“डबलशीट येतोस काय रं?”

आकड्यांच्या तांबड्या पट्टीवर एकशे चाळीस होते. माझं वजन साठ, सायकलीचं वीस. काटा दहा-दहा किलोंनी मोजतो, थोडंफार इकडंतिकडं होईल, पण साठ किलो? मी पाट्यावरून उतरलो आणि पुन्हा चढलो. ऐंशी. पाठोपाठ आलेला भरला ट्रक तोलला, चलनावर होतं तेवढंच वजन भरलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. चढताना एकशे चाळीस. उतरून परत चढलो की ऐंशी. जे काही होतं ते काट्यापाशी उतरत होतं.

तिसऱ्या दिवशी उबेद हसला नाही. चहाचा ग्लास हातात तसाच धरून म्हणाला, “काळू पन याच टायमाला यायचा.” मग बराच वेळ तो चलनं जुळवत बसला.

दादाचं वजनही साठच होतं. आम्ही दोघं एका चणीचे.

माझी झोप गेली. जेवण जाईना. बसलो तर उठावंसं वाटे, उठलो तर कुठं जावं कळेना. शकू रोह्याहून परतली आणि पहिल्याच रात्री तिनं विचारलं, “अवो, अंगात काय शिरलंय तुमच्या?” काय सांगू तिला? जो तुझा नवरा व्हायचा होता, तो रोज माझ्या मागं बसून कामाला जातो, हे सांगू?

एकदा हायवेच्या फाट्यापर्यंत गेलो. तीन ट्रक अंगावरून गेल्यासारखे गेले. शकूचा चेहरा आठवला आणि मी सायकल वळवली. एका वाटेवर शपथ, दुसऱ्या वाटेवर हे.

शेवटी कान्हूबाबाला सगळं सांगितलं. त्याला नवल वाटलं नाही, याचा मला राग आला.

“हाकेवाचून राहिलाय तो,” कान्हूबाबा म्हणाला. “शकूला सांग. सांजच्याला बांधाखाली उभी राहून नाव घेऊन बोलावूंदे. येल घरी, निजंल.”

“शकूला कशाला? मी मारतो हाक.”

“मार. पन खाली उभा राहून. वर उभा राहून मारशील तर तुला कोन उतरवनार?”

बांधाखाली आमच्या आळीची सगळी अंगणं. तिथं उभं राहून मेलेल्या भावाला हाका मारणार कोण? बायका भांडी घासता घासता बघत बसल्या असत्या. पण खरं कारण ते नव्हतं. शकूनं त्याचं नाव घेऊन ‘घरी या’ म्हणावं, हे मला नको होतं. मेलेल्या भावाचा मला मत्सर वाटला. सरळ सांगून टाकतो.

शुक्रवारी सकाळी उघाडीपाशी थांबलो. ओहोटी होती. दारांतून पाणी बाहेर चाललं होतं. आसपास चिटपाखरू नव्हतं. सायकलवर बसूनच, एक पाय मुरमावर टेकवून मी म्हणालो, “काळूदादा, घरी चल.”

चाक दबलं नाही.

शंभर पावलं गेलो. कॅरिअर करकरलं नाही. आणखी शंभर. सायकल अशी पळत होती की मी शीळ घालायला लागलो. किती दिवसांनी पोटात भूक जाणवली. शकूसाठी डोलवीच्या नाक्यावरून फरसाण न्यायचं ठरवलं. वाटेत बगळे होते. रोज ते मला बघून उडतात. आज उडाले नाहीत. माणसाळले वाटतं, म्हटलं.

काट्यावर चढलो.

केबिनमधून उबेदनं पट्टीकडे पाहिलं आणि त्याला हसू फुटलं. मग त्यानं काचेतून बाहेर पाहिलं. हसू तसंच थांबलं.

पट्टीवर वीस होते.

मी उतरलो. पुन्हा चढलो.

वीस.

सायकल घेऊन मी तसाच मागं फिरलो. बाहेरकाठ्यावर ऊन होतं. मघाची माझ्या चाकाची खूण शोधत आलो. उघाडीपर्यंत ती सापडली नाही. उघाडीपुढे गावाच्या दिशेनं मुरमात ताजी पावलं उमटली होती. अनवाणी, चिखलाची, एकाच माणसाची.

गावाजवळ बांध उतरतो तिथून आमचं अंगण दिसतं. मी उतारावर सायकल घातली. चाक पुढे गेलं नाही. दगड नव्हता, खड्डा नव्हता. पाय टाकून बघितला. पायही गेला नाही. मग थांबलो.

दुपार टळली. दिवेलागण झाली. शकू अंगणात आली, एक हात कमरेवर, पोट सांभाळत. बांधाकडे तोंड करून तिनं रोजच्यासारखी हाक मारली, “अवो, या आता. पान वाढलंय.”

जीव भांड्यात पडला. “आलो गो!” मी ओरडलो आणि पाय उचलला.

पण त्याआधीच पडवीतून कुणीतरी ‘आलो’ म्हणालं होतं.

शकू वळली. आत जाता जाता तिनं दार ओढून घेतलं.