फियाटचं जुनं फाउंडेशन

लातूरच्या घराची शेड अभ्यासिकेसाठी द्यायची ठरली, म्हणून अण्णांची फियाट मी नांदेडला आणायला निघाले. अण्णा म्हणजे माझे वडील रेणुकादास, गणिताचे मास्तर. त्यांना जाऊन वर्ष झालं होतं. आमच्या गल्लीत आता क्लास, मेस आणि वसतिगृहंच उरलीत. पोरांच्या सायकली हलवून गाडी फाटकाबाहेर काढायला अर्धा तास गेला. आई यापुढे माझ्याकडेच राहणार होती, पण ती गाडीत बसली नाही.

"मी एसटीनं येते," एवढंच म्हणाली.

अहमदपूर सोडल्यावर माझ्या सीटच्या पाठीला ठोके जाणवू लागले. तीन ठोके, थोडी उसंत, पुन्हा तीन. मी विष्णुपुरीच्या कॉलेजात यंत्रांची कंपनं शिकवते. इंजिनाचा हादरा असेल तर वेग वाढवल्यावर तो जलद होतो. मी वेग वाढवला, कमी केला. ठोके तसेच. इंजिन बंद केलं तेव्हा मात्र थांबले.

लोहा रोडला भुजंग मिस्त्रीचं गॅरेज आहे. तो गाडीखालून बाहेर आला आणि म्हणाला, "म्याडम, फाउंडेशन गेलंय."

इंजिन ज्या रबरी आधारांवर बसतं त्याला मिस्त्री लोक फाउंडेशन म्हणतात. ती रबरं गाडीसोबत आलेली, अडुसष्ट सालची होती.

"ओरिजनल हाय म्हणून ठिवायचं तर ठिवा. शौकीन लोक ठिवतात. पण वाळून दगड झालंय. एक दिवस इंजिन खाली बसंल."

मी बदलायला सांगितलं. नवी रबरं बसली आणि ठोके बंद झाले. कारण सापडल्याचं समाधान वाटलं.

रविवारी आईला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यायचं होतं. गाडीपाशी ती घुटमळली, मग ओठ घट्ट मिटून मागच्या सीटवर बसली. वजिराबादच्या चौकात आरशात पाहिलं तर तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"गाडीत काय बदललंस, मालविका?"

"इंजिनाची रबरं. का गं?"

"ती गप्प झाली."

घरी आल्यावर तिनं सांगितलं. भूकंपाच्या सकाळी अण्णा ही गाडी घेऊन किल्लारीच्या बाजूला गेले, जखमींना लातूरला आणायला. एवढं मला माहीत होतं. मी तेव्हा दहावीत होते. तिसऱ्या खेपेत मागं पाच-सहा वर्षांची एक मुलगी होती, हे माहीत नव्हतं. तिची आई धाकट्या लेकराला दगडांखालून उकरत होती. 'हिला न्या, मी मागून येते,' म्हणाली. वाटभर ती मुलगी पुढच्या सीटच्या पाठीवर बोटांनी ठोकत राहिली, गाव आलं का विचारल्यासारखं. अण्णा म्हणत होते, "आलं बाळ, आलं." औशाच्या पुढं ठोके थांबले.

"तिचं नाव?"

"विचारायचं राहिलं. दवाखान्यात बेवारस म्हणून नोंद झाली. गाव त्यांना ठाऊक होतं गं, पण त्या बाईला तोंड दाखवायचा धीर झाला नाही. कितीदा निघाले आणि औशातून मागं फिरले. दुपारी शेडमध्ये गाडी चालू करून बसायचे. म्हणायचे, ती अजून विचारतेय. मी एकदाच बसले होते त्यांच्याबरोबर. परत कधी बसले नाही."

माझा विश्वास बसला नाही. तरी सोमवारी भुजंगकडे गेले. जुनी रबरं भंगाराच्या डब्यात पडली होती.

"परत बसवा."

"म्याडम, तुम्ही शिकलेली माणसं..." संध्याकाळपर्यंत त्यानं ती बसवली, स्टेअरिंगवर बसून इंजिन चालू केलं आणि लगेच बंद केलं. उतरून मागच्या काचेतून आत बघितलं. मग चिंधीनं हात पुसत राहिला, बराच वेळ, स्वच्छ झाल्यावरसुद्धा.

"न्या गाडी," म्हणाला. माझ्याकडं बघितलं नाही.

डिसेंबरात आम्ही दोघी त्या मुलीच्या गावी गेलो. औसा मागं पडलं तसे ठोके भराभर येऊ लागले. आई माझ्या शेजारी बसून समोर बघत होती. नवं गाव दीड-दोन किलोमीटरवर वसवलंय, एकसारख्या सिमेंटच्या घरांचं. जुन्या जागी दगडांचे ढीग, बाभळी आणि ऊन. केस पिकलेली एक बाई तिथं बकऱ्या चारत होती. मी गाडी थांबवून इंजिन बंद केलं.

ती चालत आली. तिनं मडगार्डवर हात ठेवला, तिथून बॉनेटवर नेला.

"मास्तर व्हता एक. ह्याच गाडीत."

"माझे वडील."

"म्या गुरम्मा." ती गाडीच्या आत बघत होती. "माझी सिंधु नेली त्यांनी. धाकट्याला काढलं, त्यो गेलेलाच व्हता. मग लातूर पाह्यलं, सोलापूर पाह्यलं. कुणीच सांगंना. एकवीस वर्सं झाली."

आई खाली उतरली. मला वाटलं ती सांगेल, पण शेवटी मीच सांगितलं. वाटेतच गेली. वडील तिच्याशी बोलत होते.

"तिला पाणी पाजलं व्हतं का?"

"पाजलं होतं," आई म्हणाली. ते खरं होतं की नाही, मी तिला आजवर विचारलेलं नाही.

गुरम्मानं मान हलवली. ती रडली नाही.

इंजिन बंद होतं. किल्ली माझ्या मुठीत होती.

तीन ठोके आले.

आईनं माझं मनगट धरलं.

गुरम्मानं मागचं दार उघडलं. ते पुरतं उघडून धरलं आणि वाकली.

"उतर, बाय."

काही क्षण काहीच झालं नाही. मग गाडीची मागची बाजू स्प्रिंगवर किंचित वर उठली. पंधरा-सोळा किलोचं ओझं उतरल्यावर उठते, तेवढीच.

तिनं दार हळू लावलं.

त्यानंतर ठोके आले नाहीत. फाउंडेशन मी तेच राहू दिलं आहे. गाडी फार हादरते, आई काही म्हणत नाही.

त्या दुपारी गुरम्मा आमचा निरोप न घेताच वळली. बाभळींखाली बकऱ्या दाटीनं उभ्या होत्या. तिला बघून त्या बाजूला सरल्या, आणि त्यांनी करून दिलेली वाट दोघींपुरती होती.