तीन नंबरचा श्वास

माझ्या थोरल्या बहिणीला जुळ्या मुली झाल्या, त्या वर्षीची ही गोष्ट. त्या जुळ्या आता पस्तिशीला आल्यात, तरी मावशीचं लग्न कसं जमलं ते अजून मला सांगायला लावतात.

मी तेव्हा एकोणतीस वर्षांची, एका मोठ्या लॉंड्रीत कामाला. दवाखान्यांच्या चादरी धुवायच्या. माणसाएवढ्या उंच पाच मशीन होत्या आणि पाचही माझ्या ताब्यात. मला तेव्हा अक्षर येत नव्हतं. मशीनवरच्या पाट्या बाकीच्यांसाठी, मी सगळं कानानं करायची. पाणी किती भरलं, साबण उतरला का, पट्टा सैल झाला का, हे मला आवाज सांगायचा. माझ्या हातून कधी एक चादर फाटली नव्हती.

मग वरची खोली भाड्यानं गेली आणि छतातून ठोके सुरू झाले. धड, धड, धड, धड... सकाळी नऊपासून. बायकांनी त्या भाडेकरूचं नाव धडधड्या ठेवलं. तिसऱ्या दिवशी तीन नंबरचा पट्टा घसरला आणि त्या गोंगाटात मला ऐकूच आला नाही. चाळीस चादरींच्या चिंध्या झाल्या. आमच्या मुकादमबाईंना सगळे मावशी म्हणायचे, पण त्या दिवशी त्या मावशीसारख्या बोलल्या नाहीत.

मी ओल्या हातांनीच जिना चढले.

दार उघडलं ते एका काटकुळ्या माणसानं. गळ्यात हेडफोन, दोन पायांत दोन रंगांचे मोजे.

"तुमची ती धडधड बंद करा."

"धडधड नाही, टेक्नो म्हणतात तिला."

"म्हणत असतील. माझ्या चादरींना ते नाव ठाऊक नाही."

तो हसला. हसताना खाली बघायची सवय होती त्याला.

"पण... संगीताचं आणि चादरींचं काय वाकडं?"

"मशीन काय म्हणते ते मला ऐकू येत नाही."

"मशीन बोलते?"

"तुमच्यापेक्षा शहाण्यासारखी."

मला वाटलं, दार तोंडावर आपटेल. त्यानं विचारलं, "मला ऐकवाल?"

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत तो टेपरेकॉर्डर आणि माईक घेऊन खाली हजर. डॉक्टर नळी लावतो तसा एकेका मशीनच्या पोटाला माईक लावत फिरला.

"डॉक्टर, मुलगा की मुलगी?" मावशींनी विचारलं.

"ठोक्यांवरून जुळं दिसतंय," तो गंभीर चेहऱ्यानं म्हणाला.

बहिणीला जुळं आहे ही बातमी आमच्या घरी आठवड्यापूर्वीच आली होती. मी इतकी हसले की हातातली चादर खाली पडली. त्यानं उचलून दिली... आणि द्यायला जरा जास्तच वेळ लावला.

हळूहळू कळलं. तो एका हॉलमध्ये दुपारच्या नाचाला रेकॉर्ड वाजवायचा, तेही कुणी आजारी पडलं तर. बाकी वेळ स्वतःचं संगीत बनवायचा. त्यात गायक नाही, गाणं नाही, नुसता ठोका आणि त्याभोवती आवाज. चांगल्या ठोक्यासाठी तो वर्षभर कारखाने पालथे घालत होता.

"काखेत कळसा..." मावशी म्हणाल्या आणि माझ्याकडे बघून पुढचं गिळलं.

एका दुपारी तो आला तो उतरलेल्या चेहऱ्यानं. हॉलच्या मालकानं त्याला एक रविवार दिला होता, स्वतःचं वाजवायला. पण लोक उठून गेले तर पुन्हा दारात उभं राहायचं नाही, असंही बजावलं होतं.

"मग सोमवारी भावाकडे. दुसऱ्या गावी त्याचं रंगाचं दुकान आहे. डबे हलवत बसेन."

"हलवा की. हात चालतात तुमचे," मी म्हटलं. चादरीची घडी मात्र माझ्याकडून तीनदा चुकली.

"तुम्ही एकदा ऐकून सांगाल?"

वर गेले. त्यानं हेडफोन माझ्या कानांवर ठेवले. केस अडकले, ते त्यानं सोडवले, बोटांचा हलकाच स्पर्श... आणि ठोका सुरू झाला. मी डोळे मिटले. थोड्या वेळानं हेडफोन काढले.

"ही तीन नंबर नाही."

"तिचाच आवाज आहे. शपथ."

"आवाज तिचा आहे, पण ही श्वास घेत नाही. तीन नंबर एका बाजूला फिरते, मग थांबते. अगदी गप्प होते. मग उलटी फिरते. तुम्ही तिचं थांबणं कुठं टाकलं?"

"कापलं," तो ओशाळून म्हणाला. "चूक वाटली मला ती. नाचताना आवाज थांबला तर लोक घरी जातील."

"न थांबता फिरवल्या तर चादरींना पीळ पडतो. माणसांनाही पडत असेल."

तो मग खुर्ची ओढून कामाला लागला. मी खाली आले आणि माझ्याच जिभेला शिव्या दिल्या. रविवारी लोक उठले, तर त्याला गावाबाहेर घालवणारी मीच असणार होते.

रविवारी बहिणीचे बूट घालून गेले. तिचे पाय सुजले होते, तिला ते नको होते. हॉलचे पडदे दुपारीच ओढलेले, आत दोनशे माणसं, कामगार, नर्सा, कॉलेजची मुलं. तो उंच टेबलामागे दोन रेकॉर्डवर वाकलेला. मला बघून त्यानं नुसती भुवई उचलली.

तीन नंबर सुरू झाली. पायाखालची फळी थरथरली. लोक नाचायला लागले, घाम, हात, केस... आणि आवाज बंद.

एकदम. कुणी खोकलं तेही ऐकू आलं. दोघंजण दाराकडे वळले. दारात उभ्या मालकानं कपाळाला आठी घातली. धडधड्याचा हात दुसऱ्या रेकॉर्डकडे गेला, ती जागा भरून काढायला. तेवढ्यात त्यानं माझ्याकडे बघितलं.

मी मान हलवली. नाही.

हात तिथंच थांबला. इतका भरवसा कुणी माझ्या शब्दावर कधी टाकला नव्हता, आणि मी तर शब्दही बोलले नव्हते.

मग ठोका परतला, उलट्या बाजूनं. दोनशे माणसांच्या घशातून एकच आवाज निघाला. दाराकडे निघालेले दोघं धावत परत आले. मालकाची आठी कुठं गेली ते त्यालाच ठाऊक. मी भिंतीला टेकून उभी होते आणि माझी छाती इतकी फुलली होती की बहिणीचे बूट चावतायत हेही मला कळलं नाही.

संपल्यावर तो मागच्या पायऱ्यांवर घामानं निथळत बसला होता. मी शेजारी बसले.

"मालकानं पुढचे सगळे रविवार दिले," तो म्हणाला. "तुम्ही मान हलवली नसती तर..."

"तर रंगाचे डबे."

"मला कधी थांबायचं ते कळत नाही. कुणीतरी रोज सांगायला हवं."

"आणि बोलायला कधी लागायचं, ते कळतं?"

"ते कळतं." तो हसला, पण या वेळी खाली बघितलं नाही. "लग्न करशील माझ्याशी?"

मी घाबरले. म्हटलं, "मला लिहिता-वाचता येत नाही. आधी सांगितलेलं बरं."

"मला चादरीची घडी घालता येत नाही. आता काय करायचं बोल."

मी हो म्हटलं.

त्यानंतर बत्तीस वर्षं त्यानं लोकांना नाचवलं. ज्या देशांची नावं माझ्या तोंडात बसायची नाहीत तिथं त्याला बोलावणी आली. मधेच आवाज बंद करून अख्खा हॉल रोखून धरणारा म्हणून त्याची ओळख झाली आणि पुढचे कितीतरी जण ते त्याच्याकडून शिकले. नवीन काही बनवलं की पहिल्यांदा मी ऐकायची. निम्मं मी टाकून द्यायला लावलं, आणि त्यानं टाकलं. प्रत्येक रेकॉर्डच्या पाकिटावर त्यानं स्वतःच्या नावाशेजारी माझं नाव छापलं. पंचेचाळिसाव्या वर्षी मी त्या पाकिटांवरूनच अक्षरं गिरवली.

तीन वर्षांपूर्वी, नऊ ऑगस्टला, सकाळी अकरा वाजता तो घरीच हृदयविकारानं गेला. एकोणसाठ वर्षांचा होता.