हार्डली म्हणजे जेमतेम

तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये लिफ्ट गचकन थांबली, दिवा गेला, आणि इंग्रजीची शिक्षिका आत अडकली. बंद जागेत तिचा जीव लहानपणापासून घाबरा व्हायचा. सहाव्या मजल्यावरच्या क्लासला ती रोज जिन्यानेच जायची. आज उशीर झाला म्हणून लिफ्टमध्ये शिरली होती.

तिने दारावर थापा मारल्या. बऱ्याच वेळाने बाहेरून एक घोगरा, शांत आवाज आला.

"मी लिफ्टचा मेकॅनिक. आत किती जण आहात?"

"एकटीच. लवकर काढा... श्वास घेता येत नाहीये."

"बोलताय म्हणजे येतोय. घाबरू नका मॅडम, आय ॲम ट्रायिंग हार्डली."

एवढ्या भीतीतही तिच्यातली शिक्षिका जागी झाली.

"हार्डली नाही... ट्रायिंग हार्ड. हार्डली म्हणजे जेमतेम. जवळजवळ नाहीच."

"म्हणजे मी तुम्हाला काढायचा जेमतेम प्रयत्न करतोय, असं म्हणालो?"

"हो."

"मग तुम्हाला घाम फुटणारच."

ती हसली, आणि हसता हसता श्वास खोलवर गेला.

"अजून एक वाक्य सांगा ना," तो म्हणाला.

"आय हार्डली नो यू. मी तुम्हाला फारसं ओळखत नाही."

"हे मात्र खरंय... दुर्दैवाने."

अंधारात तिचे कान गरम झाले.

मग त्याचा आवाज बदलला. "आता मला वर मशीन रूममध्ये जावं लागेल. ब्रेक हाताने सोडायचाय. लिफ्ट खाली सरकेल. ती पडत नाहीये, मी आणतोय – एवढं लक्षात ठेवा. तोवर माझा आवाज येणार नाही."

"जाऊ नका." शब्द निसटलेच. "दुसऱ्या कुणाला तरी पाठवा..."

"दुसरं कुणी नाही. आणि असतं, तरी तुम्हाला मी कुणावर सोपवलं नसतं."

पावलं जिना चढत विरून गेली. ती कोपऱ्यात अंग चोरून बसली. लिफ्टने हिसका दिला, हातभर खाली घसरली, थांबली, पुन्हा घसरली. 'मी आणतोय, मी आणतोय,' ती पुटपुटत राहिली. मग लिफ्ट एका जागी थांबली. दार काही उघडेना.

"आहात का तुम्ही?"

तिने पुन्हा दारावर थापा मारल्या. आता लिफ्टची भीती मागेच पडली होती. वर त्याला काही झालं असेल तर... या एका विचाराने तिचा जीव टांगणीला लागला.

किल्ली खरखरली. दार सरकलं. समोर तो – जिने उतरून धापा टाकणारा, आवाजापेक्षा कितीतरी तरुण. तो काहीतरी बोलणार होता, पण तिच्याकडे बघतच राहिला. त्याने हात पुढे केला, ग्रीस दिसलं तसा मागे घेतला.

"काळे आहेत हो हात."

"असू देत," म्हणत तिने तो धरला. बाहेर आल्यावरही सोडला नाही.

"पुन्हा भेटाल?" त्याने अगदी हळू विचारलं.

"आधी सहाव्या मजल्यापर्यंत सोबत चला."

वर वर्ग केव्हाचा खोळंबला होता. तरी ती प्रत्येक मजल्यावर थांबली, दम लागल्याचं निमित्त करून.